मागच्या दाराची किल्ली

१० जुलै, गुरुवार

आज मेलो असतो. लिहिताना नाटकी वाटतं, पण दुसरं काय लिहू?

जेवणानंतर खात्यात, साड्यांना लेस लावतो त्या हॉलमध्ये, इस्त्रीच्या टेबलाची वायर जळाली. आधी वास आला, मग काळा धूर. शेजारीच लेस लावून झालेल्या साड्यांचा ढीग. कुणीतरी ‘आग’ म्हणून ओरडलं. पुढच्या जिन्यात पार्सलं रचलेली, म्हणून सगळ्या बायका मागच्या दाराकडे धावल्या. मागचं दार म्हणजे लोखंडी जाळी. जाळीला कुलूप. किल्ली जेठांच्या, यांच्या थोरल्या भावाच्या, खिशात, आणि जेठ रिंग रोडला मार्केटमध्ये माल द्यायला गेलेले.

शेजारी बसणारी मंगला जाळी धरून गदागदा हलवत होती. मागून येणारी प्रत्येक जण पुढचीला दाबत होती. माझी लेक कविता सगळ्यांत पुढे सापडली. मी मागे, मला तिची वेणी तेवढी दिसत होती.

इस्त्रीवाल्या भैयानं मेन स्विच पाडला, पाण्याचं पिंप ओतलं. झालं. धूर गेला आणि सगळ्या हसायला लागल्या. कोण कशी पळाली, कुणाची चप्पल कुठे राहिली. शेठ वर आले, नाकाला रुमाल लावून उभे राहिले. "कांई नथी थयुं बेन, चालो, काम करो." एक साडी भिजली तिची हळहळ मात्र पोटभर झाली.

क.च्या गालावर जाळीचे वण उठलेत, चौकटी चौकटी. घरी येऊन आरशात बघते आणि म्हणते, "मम्मी, उपासाच्या जाळीवाल्या वेफरसारखी लागते ना मी?"

मला हसू आलं नाही.

११ जुलै

सकाळी यांना सांगितलं. हे सचिन भागातल्या मिलमधून रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल. म्हटलं, तुमच्या भावाला सांगा, दिवसा तरी ते कुलूप काढून ठेवा.

"आते व्हई गयं ना! कोणले काही व्हयनं का? मंग कसाले ताणस?"

म्हटलं, झालं असतं तर?

"त्या मोठा शेतस. त्यासले मी काय सांगू?"

आणि चादर डोक्यावर घेतली. यांच्या घराण्यात धाकट्यांनी चादर घ्यायची आणि मोठ्यांनी कुलूप लावायचं, अशी वाटणी आहे.

खोटं कशाला लिहा, जेठांनीच आम्हाला अमळनेरहून सुरतेला आणलं. उधन्यात खोली बघून दिली, यांना मिलमध्ये चिकटवलं, मला आणि क.ला आपल्या हाताखाली लेसच्या खात्यात बसवलं. खातं शेठचं, पण चालवतात जेठ. आता क.साठी नंदुरबारचं स्थळ बघतायत तेही तेच. त्यांच्या उपकारांना तोटा नाही. आठवण करून देणाऱ्यांनाही नाही.

आणि मी त्यांच्याशी आजपर्यंत एक शब्द बोललेले नाही. जेठाशी बोलायचं नसतं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं: जेठ दिसला की पदर डोक्यावर, मान खाली, त्याचं नाव घ्यायचं नाही, सांगायचं असेल ते दुसऱ्याच्या तोंडून. गावी निभावतं, घराला दोन दारं असतात. इथे एका हॉलमध्ये रोज समोरासमोर बसायचं. त्यांना माझ्या कामात खोट दिसली तर ते मंगलाला म्हणतात, "यांना सांग, लेस ओढून लावू नका." मी हातभर अंतरावर. मंगला जालन्याची, तिला आधी हसू यायचं. आता सवय झाली.

१४ जुलै, सोमवार

क.ला म्हटलं, तू बोल. मोठेबाबा म्हणून जीव टाकतात तुझ्यावर.

"रहवा दे ने, मम्मी. तमाशा नको."

"तुझाच गाल दाबला गेला ना जाळीत?"

"पण उघडलं असतं तर साड्या पण गेल्या असत्या ना मागून. मोठेबाबांना शेठला जबाब द्यायचा असतो."

साड्या. गेल्या वर्षी मागच्या जिन्यानं काही साड्या गेल्या, तेव्हापासून हे कुलूप. चोरी कुणी केली ते कळलं नाही, तेव्हा सगळ्यांना कोंडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि कोंडलेलीच मला समजावून सांगते की कुलूप कसं बरोबर आहे.

ती नंदुरबारच्या स्थळाला घाबरते आहे, हे मला कळतं. मीही घाबरतेच. मोठ्यांच्या तोंडून एक वाकडा शब्द गेला की पोरीचं लग्न लांबलं.

१७ जुलै, गुरुवार

आज बोलले. म्हणजे भिंतीशी बोलले म्हटलं तरी चालेल.

जेठ टेबलाशी पार्सलावर नावं टाकत होते. मी मंगलाकडे तोंड करून, पण त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "मंगला, दिवसा ते मागचं कुलूप काढून ठेवलं तर काय बिघडेल गं?"

मशीनची घरघर. मग टेबलावरून, मान वर न करता, "मंगला, यांना सांग, मागच्या दारानं माल जातो."

"मंगला, मग माणसं कुठल्या दारानं जातील, तेही विचार."

"मंगला, यांना सांग, पुढचं दार उघडंच आहे."

"मंगला, पुढच्या जिन्यात पार्सलं आहेत."

मंगला सुईत दोरा घालायचं सोडून म्हणाली, "मी काय टेलिफोन हाय का बाई? तुम्ही दोघं एका घरची, बोला की समोरासमोर. काहून माझा जीव खाता?"

बायका हसल्या. जेठ उठून चहाला गेले. किल्ली घेऊन. आणि मी पुन्हा लेस हातात घेतली. त्यांच्या मागे जायला हवं होतं हे मला तेव्हाच कळत होतं, पण पाय उचलेनात. एवढी मोठी बाई, एका पोरीची आई, आणि शाळेत फळ्यापुढे उभी केलेल्या मुलीसारखी गत झाली. स्वतःचा राग आला. अजून आहे.

२२ जुलै

काही नाही. रोज जाते, रोज बसते. जागा बदलून घेतली, आता पुढच्या जिन्याजवळ बसते. क.ला म्हटलं तूही ये. आली नाही, तिचं ओव्हरलॉक मशीन जाळीजवळच आहे.

म्हणजे मी स्वतःपुरतं बघितलं. छान.

२७ जुलै, रविवार

कानबाई देवीची स्थापना पुढच्या रविवारी, सोमवारी विसर्जन. यंदा जेठांकडे. आज गहू निवडायला सगळ्या जावा तिथे जमलो.

रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे. तान्हा मुलगा असला तरी त्याची मूठ. क.च्या नावाची नाही, माझ्या नावाची नाही. निवडायचं आम्ही, दळायचं आम्ही, लाटायचं आम्ही. लहानपणापासून बघतेय, कधी काही वाटलं नाही. यंदा प्रत्येक मुठीला वाटत होतं, यातला एक तरी त्या जाळीआड बसतो का?

जेठाणी म्हणाल्या, "मना गुडघा दुखतस. यंदा चौरंग तू ली."

म्हणजे विसर्जनाला कानबाईचा चौरंग मी डोक्यावर घ्यायचा. मी हो म्हटलं. मोठा मान आहे. आणि रात्री भाकरी थापताना डोक्यात एक गोष्ट आली, ती अजून जात नाही. चौरंग डोक्यावर असलेल्या बाईच्या पाया सगळे पडतात. दीर, सासरे, सगळे. जेठसुद्धा.

तेव्हा बोललं तर? तेव्हा मी जाऊही नसते आणि भावजयही नसते. त्यांना थांबावंच लागेल, ऐकावंच लागेल.

कुणाला सांगितलं नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

काय होऊन बसलं.

सकाळी कानबाईची आरती झाली. नारळाला नथ, डोळे, हिरवं लुगडं. इतकी गोड दिसत होती की घटकाभर सगळं विसरले. चौरंग डोक्यावर घेतला, वाजंत्री सुरू झाली. गल्लीतून निघालो तसे लोक दारातून येऊन पायावर पाणी घालायला लागले. नाक्यावर जेठ आले. टोपी घातलेली. वाकले, माझ्या पायाला हात लावला.

म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"मागच्या दाराचं कुलूप काढा."

एवढंच म्हटलं. पण इतक्या वर्षांचा कोंडलेला आवाज, तो साधा कुठून येणार? चिरका आला, घोगरा आला, मलाच ओळखू आला नाही. वर अंगाला कापरं भरलेलं. वाजंत्री थांबली. जेठांचा चेहरा पांढरा पडला. आणि मागून जेठाणी ओरडल्या, "माय उनी! कानबाई उनी!"

कानबाई अंगात आली म्हणून सगळ्या बायका ओरडायला लागल्या. कुणी माझ्या कपाळाला कुंकू फासलं, कुणी लिंबू उतरवलं. जेठ हात जोडून रस्त्यातच गुडघ्यावर बसले.

"हा माय, तू म्हनशी तसं करसू."

मी म्हणायला गेले की मी आहे, मी, शोभा. पण पुन्हा वाजंत्री सुरू झाली होती. मग तापीपर्यंत मी देवीच होते.

आले, काही खाल्लं नाही. क. माझ्याकडे घाबरून बघते आहे. पण काही का असेना, कुलूप तर निघेल.

५ ऑगस्ट, मंगळवार

खात्यात गेले तर दारातच उदबत्तीचा वास.

जेठ पहाटेच येऊन गेले होते. जाळी धुतली होती. जाळीला झेंडूचं तोरण. खाली नारळ फोडलेला. कुलपाला हळदकुंकू.

कुलूप होतं. लावलेलं.

मंगलाला विचारलं. म्हणाली, जेठांनी शेठला पण बोलावलं, पूजा केली, कुलूप उघडलं, माय जाऊन येऊ दे म्हणाले, थोडा वेळ थांबले, मग पुन्हा लावलं. देवीनं कुलूप काढायला सांगितलं, काढलं. लावू नका असं कुठे म्हणाली?

शेठनी पेढे वाटले.

हसू की रडू ते कळेना. दोन्ही केलं, संडासात जाऊन.

७ ऑगस्ट

माझा भाव वाढला आहे. जेठाणीनं शेवभाजी पाठवली. यांनी काल स्वतः उठून चहा केला, असं लग्नानंतर पहिल्यांदाच. मंगला हळूच म्हणते, "बाई, पुन्हा अंगात आली तर माझ्या नवऱ्याच्या दारूचं बघा की." खात्यात जेठ माझ्या लेसला नावं ठेवत नाहीत.

खरं लिहायचं तर पहिले दोन दिवस बरं वाटलं. कोण आपल्याला इतकं मानतं? चहा गरम मिळाला, प्यायले.

पण आज दुपारी जेठ मार्केटला गेले आणि मी त्या तोरणाकडे बघत बसले. फुलं सुकली आहेत. आत आम्ही सगळ्या, खाली तोच जिना, तीच पार्सलं. देवीचं ऐकलं आणि माझं ऐकलंच नाही कुणी. आता हे असंच चालू दिलं तर आयुष्यात पुन्हा कधी माझं ऐकणार नाहीत. प्रत्येक वेळी कानबाईची वाट बघायची का? ती वर्षातून एकदा येते.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सांगितलं.

चहाची सुट्टी संपून सगळ्या बसत होत्या. मी बसले नाही. पदर डोक्यावर घेतला, मग तोच हातानं मागे सारला. जेठांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

"सोमवारी कानबाई नव्हती. मी होते. मी म्हणते आहे, कुलूप दिवसा काढून ठेवा."

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. सवयीनं मंगलाकडे बघितलं. "मंगला, यांना सांग..." आणि अडकले. मंगला खाली बघून धागे तोडत होती.

मी तिथेच उभी.

मग ते उठले. माझ्याशी बोलले. पहिल्यांदा. "देवीच्या नावानं खोटं बोललात? मला रस्त्यात गुडघ्यावर बसवलं?"

कुलपाचं काय, ते राहिलंच. आता खात्यात, गल्लीत, घरात एकच विषय, शोभानं कानबाईचं सोंग केलं. मी सोंग केलं नाही, तुम्ही पाया पडलात, असं ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही.

९ ऑगस्ट, शनिवार. पुनव

आज रोट संपवायचे. पुनवेच्या आत संपले पाहिजेत आणि फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. आमच्या वाट्याचे डब्यात होते. दरवर्षी या दिवशी सगळे एकमेकांकडे येऊन गंगाफळाच्या, लाल भोपळ्याच्या, भाजीशी तुकडा तुकडा खाऊन संपवतात. मी भाजी केली, खीर केली. कुणी आलं नाही. गल्लीतच जेठांच्या घरात सगळे जमले होते, आवाज येत होता.

हे दारात बसून. म्हणाले, "तुना मुळे मना भाऊ मन्हाशी बोलना नही."

म्हटलं, माझ्याशी तर एवढी वर्षं बोलला नाही, मी कुठे मेले?

त्यांनी खाल्लं नाही. क.नं थोडं खाल्लं, माझ्याकडे न बघता. मी खाल्लं तेवढं खाल्लं, घास फिरत होता. उरलेलं जमिनीत पुरायचं असतं. तिसऱ्या माळ्यावर जमीन कुठली? गॅलरीत तुळशीच्या कुंडीत पुरलं. तुळस आधीच एवढीशी, तिच्या मुळांना ही देवाधर्माची भर.

११ ऑगस्ट, सोमवार

क. माझ्या आधी निघाली आणि लगेच परत आली. उंबऱ्यात उभी राहून पाठ केल्यासारखं म्हणाली, "मोठेबाबा म्हणतात, आईला सांग, उद्यापासून येऊ नको. आजपासूनच."

"आणि तू?"

"मला ये म्हणालेत."

"तू जाणार?"

"मग काय करू, मम्मी? दोघींनी घरी बसायचं? तू गप्प राहिली असतीस ना, देवी म्हणूनच राहिली असतीस, तर पुढच्या वर्षी पुन्हा सांगता आलं असतं."

पोरगी हुशार आहे. असं आपल्याला सुचत नाही.

ती गेली. मी बाहेर, ती आत. तेलही गेलं, तूपही गेलं. मंगला संध्याकाळी भाजी घेताना दिसली, मान वळवून गेली. दोष नाही तिला. तिलाही खोलीचं भाडं आहे.

१४ ऑगस्ट

घरी शेजारणीकडून टिकल्या लावायचं काम आणलं. हात चालतात. रस्त्यावर बंबाची घंटा ऐकली की सुई बोटात जाते. आज दोनदा गेली. दोन्ही बंब दुसरीकडेच गेले.

लोक म्हणतात, एकदा बोललं की भीती जाते. कोण म्हणतं हे? माझी दुपटीनं वाढली आहे. आधी फक्त आगीची होती आणि जेठांची होती. आता क. माझ्याशी कायमची तुटेल याची आहे.

१८ ऑगस्ट, सोमवार

क. सकाळी डबा न घेता गेली. रुसून. दुपारी मी वरण-भात-भाजी भरली आणि निघाले.

पुढच्या जिन्याशी वॉचमन बसतो, त्याला मला वर सोडायची मनाई आहे. मग मागच्या जिन्यानं गेले. आजवर कधी चढले नव्हते, आम्ही नेहमी पुढून. अंधारा, भिंतीला पानाच्या पिचकाऱ्या, पण रिकामा. माणसांसाठी बांधलेला जिना आणि एक माणूस नाही. प्रत्येक वळणावर वाटत होतं परत जावं. वर पोचले, जाळीतून आत बघितलं. मी बाहेरून आतलं कधी बघितलं नव्हतं. सगळ्या पाठमोऱ्या, वाकलेल्या. क. सगळ्यांत जवळ.

जाळी वाजवली. "कविताचा डबा."

क. दचकली. लाल झाली. डबा जाळीतून जाईना, गोल स्टीलचा. शेवटी जेठ उठले, किल्ली काढली, कुलूप उघडलं, माझ्याकडे न बघता डबा घेतला. दार उघडं होतं. जरासा वारा आत गेला, मंगलानं मान वर केली. मग पुन्हा कुलूप.

पण उघडलं. मी उघडायला लावलं. देवी नव्हते, हातात वरणाचा डबा होता.

१९ ऑगस्ट

पुन्हा गेले. पुन्हा उघडलं. आज जेठांनी दोनदा वाजवायला लावलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

वाटलं होतं चौथ्या दिवशी सोपं जाईल. कसलं. खाली जिन्याशी पोचले की रोज तेच, परत फिरावंसं वाटतं. कालचा धीर आज कामाला येत नाही. भाकरीसारखं आहे, रोज ताजी थापावी लागते.

जेठांनी क.कडून निरोप धाडला, उद्यापासून पोळी-भाजी पिशवीत द्या, पिशवी जाळीतून जाते.

म्हटलं, माझ्या लेकीला वरण लागतं. वरण पिशवीत कोण देतं?

क. म्हणाली, "बधा हसे छे, मम्मी. सगळे माझ्यावर हसतात." आणि रडली. नंदुरबारच्यांनीही अजून काही कळवलेलं नाही. ते माझ्यामुळे की त्यांच्या त्यांच्यामुळे, कुणास ठाऊक. तिला वाटतं माझ्यामुळे.

मी तिला जवळ घेतलं नाही. घेतलं असतं तर उद्या जाणार नाही असं माझ्या तोंडून निघालं असतं.

२३ ऑगस्ट, शनिवार

यांनी डबा हिसकावला. सांडला. पुन्हा भरला. उशिरा पोचले, पण पोचले. कुलूप उघडलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

आज कुणी उठलं नाही.

जाळी वाजवली, पुन्हा वाजवली. जेठ टेबलाशी, माझ्याकडे पाठ. ऐकू जात नव्हतं असं नाही, मान ताठ झालेली दिसत होती. बायका खाली बघून काम करत होत्या. मी डबा खाली ठेवला, दोन्ही हातांनी जाळी धरली आणि हाक मारली.

"भगवानभाऊ!"

जेठाचं नाव. सासूबाई वरून ऐकत असतील तर त्यांनी कानात बोटं घातली असतील. माझ्याच कानात घुमलं ते. "भगवानभाऊ, किल्ली आणा."

ते उठले नाहीत. मान अजून ताठ झाली, एवढंच.

मग क.चं मशीन बंद झालं. ती उठली. मला वाटलं माझ्याकडे येते आहे, मला जा म्हणायला. नाही. ती त्यांच्या टेबलाकडे गेली, समोर उभी राहिली. ओढणी नीट करत होती, घाबरली की ती तसंच करते. काय बोलली ते ऐकू आलं नाही, बाकीची मशीनं चालू होती. जेठांनी मान हलवली. ती तिथेच उभी राहिली. मंगलाचं मशीन बंद झालं. की दोरा तुटला होता, मला माहीत नाही.

तेवढ्यात खालून वॉचमन आला. शेठनी पाठवलं म्हणाला. दंडाला धरलं नाही, पण धरलं असतं. डबा उचलून खाली उतरले. वरण डब्यातच निवलं.

क. संध्याकाळी नेहमीच्या वेळेला आली. हातपाय धुतले, ताटात तेच वरण घेतलं, जेवली. मी पोळ्या लाटत राहिले. विचारायचं होतं, उघडलं का? काय म्हणालीस तू? काय म्हणाले ते? जेठाचं नाव भरदिवसा ओरडले आणि पोटच्या पोरीला विचारायला जीभ उचलेना.

ताट उचलताना म्हणाली, "उद्या डबा नको आणू."

"का?"

"मी बघते."

काय बघते ते सांगितलं नाही. मला गप्प करायला म्हणाली, की खरंच? तोंड बघितलं, काही कळलं नाही. गालावरचे वण केव्हाच गेले आहेत.

ती आत झोपली आहे. हे पाळीला गेले. उद्याच्या वरणाची डाळ मात्र मी भिजत घातली आहे.